फोटोला लागलेली हळद

मे महिना आला की आमच्याकडे सूर्य उगवत नाही, अंगावर धावून येतो. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव तर त्याच्या खास मर्जीतलं. परवाच आमच्या टिनाच्या छपरावर एक कावळा टेकला आणि पाय भाजले म्हणून त्यानं जो काही नाच केला, तो पाहून शेजारची पोरं बँड आला समजून धावत बाहेर आली. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा. अजून लंगडतो.

तर अशा या मेमध्ये काल सत्तारभाई आला. राळेगावात त्याचं गॅरेज आहे, पण उन्हाळ्यात तो गाड्या बाजूला ठेवून कूलरच्या मागे लागतो. त्यानं जुन्या ताट्या उपसल्या, नव्या वाळ्याच्या बसवल्या, पंपाला दोन शिव्या आणि एक थापड दिली आणि बटण दाबलं. पाणी ताट्यांवरून ओघळलं. ओल्या वाळ्याचा पहिला वास खोलीत शिरला.

दुसऱ्या कोणाला या वासानं बालपण आठवत असेल. मला लढाई आठवते.

मागचा मे. दारात मांडव पडलेला, आंब्याची पानं तोरणावरच करपून चुरचुर वाजायला लागलेली, आणि खिडकीत हाच कूलर. खिडकीच्या आत माझी पुतणी प्रणाली, अंगभर हळद लागलेली. खिडकीच्या बाहेर, कूलरच्या पाठीमागच्या ओल्या जमिनीवर खुर्च्या टाकून आम्ही सारे. आणि त्या खुर्च्यांवर जगाचा न्यायनिवाडा.

प्रणाली म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नामदेवदादाची पोरगी. नवरदेव नीलेश, वणीचा. बाप कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पोरगा फौजेत, वर सरहद्दीवर. ही सोयरीक जुळवली ढाणकीच्या प्रल्हादमामांनी. हे मामा सख्खे कोणाचेच नाहीत, पण साऱ्या जिल्ह्याचे मामा आहेत. पांढरा शुभ्र सदरा, खिशात दोन पेनं आणि एकाच वेळी दोन्ही पक्षांशी दोन कानांनी दोन फोनवर बोलण्याची कला. मामांनी जुळवलेल्या लग्नांची वरात एकामागे एक लावली तर तिचं एक टोक उमरखेडात आणि दुसरं पार वर्धा नदीत जाईल.

आमच्यात हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाची उरलेली, उष्टी हळद वाटीतून नवरीकडे येते. ती आल्याशिवाय नवरीला हळद नाही. आणि एकदा लागली की लग्न लागेपर्यंत पोरीनं गावची शीव ओलांडायची नाही.

नीलेशचा फोन आला, “गाडीत बसलो.” पण गाडी रखडली. तो वणीला पोचणार हळदीची वेळ टळून गेल्यावर. इकडे बाया जमलेल्या, जातं पुजून झालेलं, गाणी ओठांवर आलेली. दादा कासावीस. तेव्हा मामांनी वणीला फोन लावला. तो फोन आम्ही सगळ्यांनी ऐकला, कारण मामांचा फोन ऐकायला फोन लागत नाही.

“ऐका माह्यं. भरती झाला तवाचा पोराचा फोटो हाये ना भितीवर? वर्दीतला? त्याले लावा हयद. आन् वाटी द्या इकडं धाडून. पोरगा उतरला का मंग त्याच्या अंगाले लावजा. हयदीले काय समजते, मानूस हाये का काच?”

वणीच्या विहीणबाईंनी लावली. वाटी आली. प्रणालीला हळद लागली. बायांनी गाणी म्हटली, मांडवात गुळाचा चहा फिरला, मी स्वतः चौदा कप प्यालो आणि पंधरावा नाकारला, कारण मर्यादा म्हणून काही असते.

आणि मग नीलेशचा दुसरा फोन आला. रजा रद्द. अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. सरहद्द पेटली होती.

हवेत त्याचा वास आधीपासून होताच. तिकडे निरपराध माणसं मारली गेली होती, साऱ्या देशाचं रक्त तापलं होतं, टीव्हीवर रोज नवे नकाशे येत होते. पण लग्नघराला वाटतं, आपल्या मुहूर्तापुरतं तरी जग शहाण्यासारखं वागेल. ते वागलं नाही. रात्रंदिवस त्या पडद्यावर विमानं, ड्रोन, भोंगे. मोठ्या शहरांतून दिवे विझवण्याची तालीम चाललेली. आमच्या गावाला तालमीची गरज नव्हती. आमची लाईट जन्मापासून या कलेत तयार. शत्रूच्या विमानाला आमचं गाव सापडलंच नसतं. वायरमनला सापडत नाही.

हसण्यासारखं एवढंच होतं. हळदीचा वास येत होता आणि नवरदेवाचा फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी, म्हणजे प्रणालीची आई, सुपात तांदूळ निवडत बसली होती. हात थांबले. दादाकडे न पाहता तिनं विचारलं, “काहो, आपल्यात फोटोले हयद कवा लावते?”

उत्तर सगळ्यांच्या घरातल्या भिंतीवर लटकत होतं. आमच्या बाबांच्या तसबिरीला दर सणाला हळद लागते. आजोबांच्याही लागते. जो जिवंत आहे, त्याच्या तसबिरीला कोणी बोट लावत नाही.

तांदळातला खडा सुपाच्या काठावर वाजला.

तेव्हापासून त्या घरात एकच गोष्ट पणाला लागली होती. लग्न नव्हे. लग्न काय, आज नाही तर तुळशीनंतर. पोरगा जिवंत परत येतो की आपण आपल्या हातांनी त्याची तसबीर करून ठेवली, एवढंच. प्रणालीला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. खिडकीत कूलर होता, आणि कूलर हवा आत नेतो तशा गप्पाही नेतो.

गप्पा मात्र थांबल्या नाहीत. माणूस घाबरला की एक तर देवाचं नाव घेतो, नाही तर परराष्ट्र धोरणाचं. आमच्या मांडवानं दुसरं घेतलं. मुद्दा एकच : हे भांडण लावलं कोणी?

मामा गरजत होते. “मी सांगतो नामदेवराव. बाहेरचे! शंभर टक्के बाहेरचे जबाबदार हाये. पयले त्या गोऱ्यानं रेघ मारली. ज्यानं कधी हे मुलूख पाह्यले नाही, त्यानं टेबलावर बसून रेघ मारली आन् बॅग भरून घरी गेला. मंग दुसरा आला. तो एकाले बंदूक इकते, दुसऱ्याले बंदुकीपासून वाचाचं चिलखत इकते. तिसरा मागून एकाच्या कानात फुंकर मारून राह्यला. आन् भांडन जुंपलं का हेच लोक कोट घालून पंच बनून येते! आगही त्याइचीच, बंबही त्याइचाच.”

“आन् आपन दोघं शेजारी देश काय दूधपिते लेकरं हाओ?” दादा म्हणाला. दादा कमी बोलतो, पण बोलला की नांगरासारखा खोल जातो. “ज्यानं गोया घातल्या त्याले सोडून सात समुद्रापल्याडच्याले काहून धरता? दोन वावरांमधल्या धुऱ्यावर भांडन लागते तवा गावातले दहा जन कान भरते, मान्य. पन कुऱ्हाड उचलते तो हात कोनाचा? ज्यानं कान भरले त्याचा का आपला?”

“हात आपला, पन कुऱ्हाडीले धार कोनं लावून देल्ली?”

“धार लावनारा तं सगळ्याइलेच लावून देते. म्हून सगळेच खून करते का?”

असं रोज. सकाळी अमेरिका जबाबदार ठरायची, दुपारी चीन, संध्याकाळी रशियालाही बोलवून थोडं झापलं जायचं. मी स्वतः एका बैठकीत सहा देशांना दोषी ठरवलं होतं. त्यातले दोन, नंतर कळलं, जगात नाहीतच.

फक्त एक माणूस बोलत नव्हता. सत्तारभाई. एरवी या माणसाचं तोंड बंद करायला इंजिन सुरू करावं लागतं. दादाचा तो शाळेपासूनचा दोस्त, प्रणालीला त्यानं खांद्यावर बसवून शंकरपटाच्या शर्यतीतले बैल दाखवलेले. पण त्या आठवड्यात तो यायचा, कूलरमध्ये पाणी टाकायचा, पंपात डोकं घालून बसायचा आणि जायचा. सरहद्दीचा विषय निघाला की त्याचं डोकं आणखी खोल जायचं. का ते कोणी विचारत नव्हतं. बाहेर चौकात कोणी काही बोललं असेल, किंवा बोललं नसेल, नुसतं पाहिलं असेल. तेवढंही पुरतं.

शेवटी वहिनीच त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, “सत्तारभाऊ, तुमी चूप बसता तं मले जास्त भेव लागते. बोला बाप्पा काही तरी. खोटं बोला, पन बोला.”

त्यानं पंपातून डोकं काढलं. दाढीवरून पाणी निथळत होतं. “भाभी, खोटं बोलाले गजू हाये ना,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “त्याच्या पोटावर पाय काहून द्यू?”

मांडव पहिल्यांदा हसला. मीही हसलो. घरासाठी माणसाला अपमान गिळावा लागतो.

पण वहिनीचं हसू अर्ध्यातच तुटलं. मामा पुन्हा “बाहेरचे जबाबदार” म्हणून मूठ आपटत होते, आणि ती एकदम त्यांच्यासमोर उभी राहिली. “मामा, एक सांगा. फोटोले हयद लावा, हे कोनाच्या डोक्यातून निघालं?”

मामांची मूठ हवेतच राहिली. “म्हंजे? म्या तं निस्ता सल्ला देल्ला, ताई. लावली कोनं? तुमच्या इहिनीनं. वाटी घेतली कोनं? तुमी. पोरीले लावली कोनं? तुमी. माह्या बोटाले हयद लागली होती का? पाहा!” आणि त्यांनी दोन्ही पंजे पुढे करून सगळ्यांना दाखवले. खरंच, स्वच्छ होते.

तेवढ्यात कूलरमधून आवाज आला.

ज्यांच्या घरी खिडकीचा कूलर आहे त्यांना माहीत आहे, फिरत्या पात्यांतून बोललेलं माणसाचं बोलणं कसं येतं. कापून कापून, थरथरत, जणू कोणी नदीच्या तळातून बोलतंय. प्रणाली बोलत होती.

“मामा, तुमी निस्ता सल्ला देल्ला म्हून तुमचा दोष नाही. मंग त्या मोठ्या देशाइचा तरी काहून? तेबी हात दाखवून हेच म्हनत असन. आन् त्याइचा दोष असन, तं मंग तुमचाबी हाये. एक काही तरी पक्कं करा. सकायपासून मीबी ऐकून राह्यली.”

कूलर घरघरत राहिला. मामांनी पंजे हळूच मागे घेतले, मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे असे पाहत बसले की जणू दुसऱ्याच कोणाचे आहेत. ढाणकीपासून वणीपर्यंत ज्या माणसाला कधी कोणी गप्प केलं नव्हतं, त्याला आमच्या खिडकीनं गप्प केलं.

मी तेव्हापासून त्या प्रश्नावर विचार करतो आहे. गमतीनं नाही, खरंच. रेघ मारणारा, बंदूक विकणारा, कान भरणारा, हे सगळे आहेतच. नाहीत म्हणणं भाबडेपणा आहे. पण ते आहेत हे आपल्याला किती सोयीचं आहे! दूरच्या माणसाला शिवी दिली की ती ऐकू जात नाही, म्हणून उलटून येत नाही. आणि दूरच्या माणसालाही आपण किती सोयीचे! त्याच्या बोटाला कधी हळद लागत नाही. असं दोन्हीकडून सोयीचं झालं की मध्ये उरतो तो वर्दीतला एक पोरगा, भिंतीवर, काचेमागे.

एका संध्याकाळी, उन्हं उतरताना, माझ्या फोनवर बातमी आली. गोळीबार थांबणार. आणि ती बातमी दिल्लीतून नव्हे, पलीकडच्या राजधानीतूनही नव्हे, सातासमुद्रापारच्या एका साहेबानं आधी जगाला सांगितली होती. मी खुर्चीवर चढून ओरडलो, “थांबली! लढाई थांबली!”

कोणी हललंसुद्धा नाही.

“गजू, खाली उतर. खुर्ची मोडन,” दादा म्हणाला.

“अरे खरंच! त्या साहेबानं सांगितलं!”

“तुले सांगितलं?”

“मंग? काल म्याच तं त्याले मिस्कॉल देल्ला होता,” असं माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि उरलासुरला विश्वासही गेला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी बातमी, आणि मीच तिला शेपूट लावलं. शेवटी सत्तारभाईनं स्वतःचा फोन काढला, डोळे बारीक करून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काही न बोलता दादाच्या हातात दिला. दादानं वाचलं. वहिनीनं त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. कूलरमधून आवाज आला, “काय झालं? कोनी सांगत काहून नाही?” आणि तिला सांगायला म्हणून एकाच वेळी आठ माणसं खिडकीला भिडली, तर कूलर स्टँडवरून निसटला. सत्तारभाईनं तो छातीवर झेलला. आतलं सारं पाणी त्याच्या अंगावर. त्या उन्हाळ्यात गावात एवढा ओला आणि एवढा आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच रात्री पुन्हा काही वाजलं म्हणे, आणि पुन्हा सगळे टीव्हीपुढे जाऊन बसले. पण मग खरंच थांबलं. नीलेशचा फोन आला. “बरा हाये,” एवढं बोलला, आणि रजेचं सांगतो म्हणाला. सुटका म्हणजे काय, ते मला त्या “बरा हाये”मध्ये समजलं. मांडवाखाली माणसं मोकळी झाल्यासारखी खुर्च्यांत पसरली. वाळलेलं तोरण काढून नवं लावलं. वणीच्या विहीणबाईंनी कळवलं, तसबीर पुसायला घेतली होती, पण हळद काचेखाली शिरली आहे, जात नाही. वहिनी म्हणाली, “राहू द्या. आता पोरगाच येते.”

रजा मिळाली तेव्हा मृगाचे वारे सुटायला आले होते. वर्धा स्टेशनवर त्याला घ्यायला सत्तारभाईची जीप, आत दादा, मी आणि मामा. नियमानं नवरदेवानं थेट वणीला जायचं. पण वहिनीनं बजावलं होतं, “नियम गेला चुलीत. पयले माह्या डोयापुढं आना, मंग वनीले न्या.”

तो उतरला. फोटोपेक्षा काळा, फोटोपेक्षा वाळलेला, आणि फोटोपेक्षा कितीतरी खरा. रस्ताभर आम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मामांनी तर जीभ दातांत धरूनच ठेवली होती. घरी आणून कूलरसमोरच्या खाटेवर बसवला. आतल्या दाराची फट जरा रुंद झाली, बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. त्यानं तिकडे पाहिलं, ओळखीचं हसला.

आता मात्र मामांना राहवेना. “जवाईबापू, तुमी तं थेट तिथून आले. आता तुमीच निकाल द्या. जबाबदार कोन? बाहेरचे, का आपन दोघं?”

सगळे पुढे सरकले. नीलेशनं पाण्याचा पेला संपवला, बहुतेक उत्तर देण्यासाठीच तोंड उघडलं, ते जांभईत उघडलं, आणि तो बसल्या जागी भिंतीला टेकून झोपला. असा झोपला की जणू त्याला कोणी सरहद्दीवरून उचलून झोपेतच आणून ठेवलं होतं.

वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात त्याचे कपाळावरचे आखूड केस थरथरत होते.

वहिनी देवघरातून हळदीची वाटी घेऊन आली. ही वणीची नव्हे, आमच्याच घरची, ताजी. तिनं आधी बोटांची मागची बाजू त्याच्या नाकापाशी धरली, आई झोपलेल्या लेकराला धरते तशी. बोटांना श्वास जाणवला असावा, कारण तिचे खांदे एकदम खाली आले. मग तिनं त्याच्या कपाळाला हळद लावली, चांगली पसरून, जणू काच नाही ना याची खात्री करत.

दादा काहीतरी बोलायला गेला, तर मामांनीच बोट ओठांवर ठेवलं. मग ते वहिनीजवळ गेले आणि ज्या आवाजात मी त्यांना आयुष्यात कधी बोलताना ऐकलं नव्हतं, त्या आवाजात म्हणाले, “ताई, फोटोचं ते... माह्यं चुकलं.”

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. “माह्यंबी,” ती म्हणाली. आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

मामांनी बोट बुडवलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या बोटाला हळद लागली.

लग्न त्याच रजेत लागलं. काल सत्तारभाईनं कूलर सुरू केला तेव्हा प्रणाली माहेरीच आलेली होती. तेवढ्यात नीलेशचा फोन आला. तो पुन्हा वरच्या पहाऱ्यावर आहे. तिकडे म्हणे थंडी वाजते. या उन्हात हे ऐकून दादाला इतका हेवा वाटला की त्यानं जावयाशी दिवसभर बोलायचंच सोडलं. मामाही आले होते, नवी सोयरीक घेऊन, आणि नवी लढाईही घेऊन. जगात कुठे ना कुठे कोणीतरी शेजारी भांडत असतातच, आणि मामांना त्यांची खबर असते. पण आता ते बाहेरच्यांना दोष देता देता मध्येच थांबतात, स्वतःच्या बोटाकडे पाहतात आणि चहा मागवतात.

मी मात्र जिथे जाईन तिथे सांगतो. भांडण लावणारे, विझवणारे, सल्ले देणारे पुष्कळ पाहिले. पण बाहेरच्या एका सत्तेनं आपला हिस्सा स्वतःच्या तोंडानं कबूल केला आणि आतल्यांनीही आपला केला, असं जगाच्या इतिहासात एकदाच घडलं, आणि ते आमच्या कूलरसमोर घडलं. कावळ्याचं एक वेळ सोडून द्या. यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही.